पुण्याचा कलाहंगाम आणि आमची अभिरुचि

शहराची संस्कृति तेथील सभागृहांच्या व उत्सवांच्या संख्येवरून मोजण्याची चाल अलीकडे बरीच रूढ झाली आहे. या मापानें पाहूं गेल्यास पुण्यास चिंता करण्याचें कांहींच कारण नाहीं. पावसाळा सरत आला कीं येथील दैनिकांत 'आजचे कार्यक्रम' अशासारख्या मथळ्याखालीं येणारा बारीक अक्षरांचा स्तंभ हळूहळू फुगूं लागतो, आणि थंडी चांगली पडली म्हणजे तो आपला कोपरा सोडून शेजारच्या बातम्यांच्या जागेवर अतिक्रमण करितो. गायन, वादन, एकांकिका, चित्रप्रदर्शन, व्याख्यान, पुस्तकप्रकाशन, सत्कार, स्मृतिदिन अशी ती यादी असते. आणि एकाच सायंकाळीं, एकाच घटकेस, परस्परांपासून कोस-दीड कोसाच्या अंतरावर सहा-सात ठिकाणीं सरस्वतीची पूजा चाललेली असते. ग्रंथांचें परीक्षण होतें, नाटकांचें होतें, चित्रपटांचें तर उदंड होतें. परंतु ज्या यादीवरून सुशिक्षित कुटुंबें आपली सायंकाळ ठरवितात, त्या यादीचें परीक्षण करावें असें कोणास वाटल्याचें दिसत नाहीं. नव्या हंगामाच्या उंबरठ्यावर तें काम करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम हंगामाची रूपरेषा ध्यानांत घेऊं. पावसाळ्याच्या उत्तरार्धांत महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेच्या पुरुषोत्तम करंडक स्पर्धेनें महाविद्यालयीन एकांकिकांचा मोसम सुरू होतो; ही स्पर्धा १९६३ सालापासून चालत आली आहे. मागाहून गणेशोत्सव येतो, दिवाळींतल्या पहांटेच्या मैफली येतात. डिसेंबरांत सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव भरतो, आणि त्याच महिन्यांत, २०२३ पासून, फर्ग्युसन महाविद्यालयाच्या पटांगणांत मोठा पुस्तक महोत्सवहि भरूं लागला आहे. पुढें जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास, २००२ मध्यें सुरू झालेला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव. शेवटीं उन्हाळा तापला म्हणजे टिळक रस्त्यावर वसंत व्याख्यानमाला. एका वर्षांत एवढें सारें ज्या नगरांत घडतें, त्यास दरिद्री कोण म्हणेल? आम्हीहि म्हणत नाहीं. आमची शंका निराळी आहे. जें घडतें त्यांतील आमच्यांत रुजतें किती, एवढेंच आम्हांस विचारावयाचें आहे.

पुण्याचा या बाबतींतला अभिमान पोकळ नाहीं, हें आधींच सांगून टाकणें न्यायाचें होईल. १८७४ सालीं येथें पूना गायन समाज स्थापन झाला. १८७५ मध्यें न्यायमूर्ति रानड्यांच्या पुढाकारानें वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. १८७८ मध्यें त्यांच्याच अध्यक्षतेखालीं मराठी ग्रंथकारांचें पहिलें संमेलन येथें भरलें. ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं अण्णासाहेब किर्लोस्करांच्या शाकुंतलाचा पहिला प्रयोग येथेंच झाला, आणि मराठी संगीत रंगभूमि खऱ्या अर्थानें उभी राहिली. १९११ मध्यें भास्करबुवा बखल्यांनीं भारत गायन समाजाची आणि १९३२ मध्यें विनायकबुवा पटवर्धनांनीं येथील गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली.

ही नामावळी बारकाईनें वाचली म्हणजे एक मौजेची गोष्ट नजरेस येते. या जुन्या उद्योगांचीं नांवें समाज, माला, संमेलन, विद्यालय अशीं आहेत. 'समाज' म्हटला म्हणजे त्यांत सभासद आले, त्यांची नित्याची गांठभेट आली. 'विद्यालय' म्हटलें म्हणजे गुरु, शिष्य आणि वर्षानुवर्षांचा अभ्यास आला. 'माला' म्हटली म्हणजे एका फुलामागें दुसरें फूल गुंफलें जाणार, आज ऐकलेल्या व्याख्यानास उद्यांचें व्याख्यान जोडलें जाणार, हें आलें. आज नवें कांहीं निघालें कीं त्याचें नांव बहुधा 'महोत्सव' असतें. उत्सवाचा धर्म असा कीं तो थाटानें येतो, चार दिवस गाजतो आणि मांडव उतरला कीं संपतो. त्यांत वाईट कांहींच नाहीं. उत्सवावांचून लोकजीवन नीरस होईल. परंतु ज्या गांवांत समाज आणि विद्यालयें यांची नांवें मागें पडून केवळ महोत्सवांची नांवें पुढें येऊं लागतात, तेथें पीक कापणारे हात वाढले आणि पेरणारे घटले असा संशय घेण्यास जागा आहे.

आतां त्या यादीच्या भाषेकडे वळूं. या भाषेंत विशेषणांची कमालीची उधळपट्टी आहे आणि माहितीची तितकीच कंजुषी आहे. जो गातो तो सुप्रसिद्ध, जो बोलतो तो ज्येष्ठ विचारवंत, जो अध्यक्ष तो ख्यातनाम. सगळेच सुप्रसिद्ध म्हटल्यावर कोणीच सुप्रसिद्ध राहत नाहीं, आणि वाचकास निवड करण्यास कांहींच आधार उरत नाहीं. युरोपांतील संगीतसभेचें पत्रक पाहिलें तर त्यांत कोणत्या रचनाकाराची कोणती कृति, कोणत्या क्रमानें वाजविली जाईल, हें आधींच नमूद केलेलें आढळतें. तेथें रचना आधीं आणि वादक मागाहून. आमच्याकडे गवई आधीं. राग तो आयत्या वेळीं, प्रहर पाहून, आपला गळा आणि समोरचे श्रोते पाहून ठरवील. तेव्हां गवयानें आपला राग महिनाभर आधीं छापून द्यावा अशी मागणी करणें म्हणजे आमच्या संगीताचा स्वभावच न ओळखणें होय. तशी मागणी आम्ही करीत नाहीं. परंतु गाणारा कोणाचा शिष्य, कोणत्या घराण्याच्या तालमींत तयार झालेला, त्याचा ओढा विलंबित ख्यालाकडे कीं ठुमरीकडे, एवढें दोन ओळींत सांगण्यास कोणती आडकाठी आहे? नाटकाच्या बाबतींत तर नाटककाराचें नांव नटांच्या नांवांहून बारीक अक्षरांत छापलेलें पाहिलें म्हणजे, देवल, खाडिलकर आणि गडकरी ज्या भाषेंत होऊन गेले तीच ही भाषा काय, असा प्रश्न पडतो.

या साऱ्या हंगामाचा मुकुटमणि म्हणजे डिसेंबरांतील संगीत महोत्सव होय, याविषयीं दुमत होणार नाहीं. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीमखां यांचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर ऊर्फ सवाई गंधर्व हे १९५२ सालीं वारले. दुसऱ्याच वर्षीं, १९५३ मध्यें, त्यांच्या शिष्यांनीं गुरूच्या स्मरणार्थ हा उत्सव आरंभिला, आणि त्यांतील भीमसेन जोशी यांनीं तो पुढें अर्धशतकाहून अधिक काळ आपल्या खांद्यावर वाहिला. २०११ मध्यें भीमसेन गेल्यावर गुरूच्या नांवास शिष्याचें नांव जोडलें गेलें. असें भाग्य फार थोड्या शिष्यांच्या वांट्यास येतें. उत्सवाची सांगता सवाई गंधर्वांच्या ध्वनिमुद्रिकेंतील भैरवीनें करण्याचा जो प्रघात पडला, त्यांत तर या सर्व उद्योगाचें मर्म आहे. हजारों श्रोते उभे आहेत, मंचावर कोणी नाहीं, आणि एक जुना आवाज सर्वांना घरीं जाण्याचा निरोप देतो आहे, याहून सुंदर गुरुपूजन आम्हांस ठाऊक नाहीं. या महोत्सवानें दरबारांतली आणि दिवाणखान्यांतली गायकी भारतीय बैठकीवर बसणाऱ्या सामान्य गृहस्थाच्या हातीं दिली, हें त्याचें ऋण मोठें आहे.

परंतु याच महोत्सवाच्या इतिहासांत एक असा पालट झाला आहे, कीं ज्याचा विचार संगीताच्या दृष्टीनें पुरेसा झालेला नाहीं. पूर्वीं ही मैफल रात्रभर चाले. २००० सालीं ध्वनिप्रदूषणाचे नियम झाले आणि रात्रीं दहानंतर उघड्या जागेंत ध्वनिक्षेपक लावण्यास बंदी आली. वर्षांतील मोजक्या दिवशीं मध्यरात्रीपर्यंत सवलत देतां येते, त्यापुढें नाहीं. परिणामीं ही मैफल रात्र सोडून दुपारकडे सरकली. आमच्या संगीतांत रागास वेळ असते, ही गोष्ट वाचकांस नव्यानें सांगावयास नको. दुपारीं सुरू होऊन रात्रीं दहास आटोपणाऱ्या मैफलींत भीमपलास, मुलतानी, मारवा, पूरिया यांचें राज्य चालणार. यमन आणि बागेश्री यांनाहि जागा मिळेल. पण उत्तररात्रीचा मालकंस? पहांट फुटण्याच्या सुमाराचा ललित? सूर्योदयाचा भैरव? हे राग ग्रंथांत राहिले, ध्वनिमुद्रिकांत राहिले. त्यांच्या वेळीं, जागलेल्या डोळ्यांनीं, हजार माणसांसह ते ऐकण्याचा योग मात्र या मांडवांतून गेला. अशा रीतीनें, कोणाचाहि तसा हेतु नसतां, एका कायद्यानें एका पिढीच्या श्रवणांतून दिवसाचे दोन प्रहर कापून टाकले आहेत.

येथें असा आक्षेप येईल कीं, शेजारच्या घरांतील आजाऱ्यानें, तान्ह्या मुलानें आणि दुसऱ्या दिवशीं कामावर जाणाऱ्या माणसानें तुमच्या मालकंसासाठीं रात्र कां जागून काढावी? हा आक्षेप आम्हांस सर्वस्वीं मान्य आहे. झोपेचा हक्क हा रसास्वादाच्या हक्काहून थोर आहे, आणि जो नियम वरातीच्या गोंगाटास लागूं असावा असें आपण म्हणतों, तोच गवयास लागूं झाला म्हणून रडणें शोभत नाहीं. परंतु नियमाचा नीट विचार केला तर त्यांतच वाट आहे. बंदी आहे ती उघड्या जागेंतील आवाजास. बंद सभागृहांत, आंतल्या आंत ऐकूं येण्यापुरता आवाज, ही त्यांत मोकळीक आहे. मग दोन-तीनशें श्रोत्यांची, बंद दालनांतली, ध्वनिक्षेपकाचा कमींत कमी आश्रय घेणारी रात्रीची बैठक, मोठ्या महोत्सवाची धाकटी बहीण म्हणून कां भरूं नये? तिला प्रायोजक कमी मिळतील, तिचें छायाचित्र भव्य येणार नाहीं, हें खरें. परंतु मालकंसास मांडवाची गरज कधींच नव्हती. त्याला गरज होती ती रात्रीची आणि दोनशें जाग्या कानांची. हें काम करणारी एखादी संस्था पुढें आली, तर तिनें यंदाच्या हंगामांत सर्वांत मोठा उत्सव केला असें आम्ही म्हणूं, मग तिच्या दाराशीं गर्दी असो वा नसो.

गर्दीचा उल्लेख आला म्हणून एक शब्द. मांडव भरून वाहिला, पाय ठेवण्यास जागा उरली नाहीं, हें आम्ही यशाचें शेवटचें प्रमाण मानूं लागलों आहों. २०११ च्या शिरगणतींत पुणें महानगरपालिकेच्या हद्दींत ३१ लाखांवर माणसें मोजलीं गेलीं; तेव्हां दहा हजारांची गर्दी झाली तरी तिनें सारें नगर रसिक झालें असें ठरत नाहीं, आणि पन्नासच माणसें जमलीं म्हणून तेथली कला हीन ठरत नाहीं. गर्दी ही घटना आहे. तें मूल्य नव्हे.

मूल्याचा प्रश्न निघाला म्हणजे आम्हांस २०२२ मधील पुरुषोत्तम करंडकाची आठवण होते. त्या वर्षीं परीक्षकांनीं, करंडक देण्याच्या योग्यतेची एकांकिका एकहि नाहीं असा निर्णय दिला, आणि करंडक कोणासच मिळाला नाहीं. त्यावर पुष्कळ चर्चा झाली. तरुण मुलांनीं रात्रंदिवस घाम गाळावा आणि त्यांना रिकाम्या हातांनीं परत पाठवावें, हें निष्ठुरपणाचें होय असें कित्येकांनीं म्हटलें. मुलांचा हिरमोड आम्हांसहि समजतो. महाविद्यालयांत आयुष्य घालविलेल्या माणसास तो न समजेल तर कोणास समजेल? तरीहि आमचें मत परीक्षकांच्या बाजूस पडतें. ज्या शहरांत प्रत्येक कार्यक्रम 'यशस्वी रीत्या पार पडतो', प्रत्येक पुस्तक 'मराठी साहित्यांत मोलाची भर' घालतें आणि प्रत्येक गायक 'श्रोत्यांना मंत्रमुग्ध' करितो, तेथें कोणी तरी एकदां 'नाहीं' म्हणालें, ही गोष्ट औषधासारखी कडू पण हितकारक आहे. जी स्पर्धा करंडक राखून ठेवूं शकते, तिच्याच करंडकास किंमत असते. आमची पुस्ती इतकीच कीं, अशा 'नाहीं'ची कारणमीमांसा सविस्तर लिहून, छापून, पुढल्या वर्षींच्या मुलांच्या हातांत पडावी. कारणें दिलीं तर नकार हें शिक्षण होतें. न दिलीं तर ती केवळ शिक्षा होते.

आणि येथेंच आम्ही आमच्या मुख्य मुद्यावर येतों. या शहराच्या कलाजीवनांत आगाऊ सूचनांचा सुकाळ आहे आणि मागाहून होणाऱ्या टीकेचा दुष्काळ आहे. कार्यक्रम होण्यापूर्वीं आठ दिवस त्याचा गाजावाजा होतो. झाल्यावर दुसऱ्या दिवशीं जें छापून येतें त्यांत दीपप्रज्वलन कोणाच्या हस्तें झालें, शाल-श्रीफळ कोणास मिळालें, व्यासपीठावर कोण कोण विराजमान होते आणि आभार कोणीं मानले, हें यथासांग असतें. गायकानें कोणता राग मांडला, त्याची बढत कशी केली, कोठें चढला आणि कोठें घसरला, याचा उल्लेख एका ओळींत आटपतो, किंवा गाळलाच जातो.

आमच्या पूर्वजांचें असें नव्हतें. भरताच्या नाट्यशास्त्रांत प्रयोगाची पारख करणाऱ्या प्राश्निकांचें जें प्रकरण आहे, त्यांत यज्ञवेत्ता, नर्तक, छंदवेत्ता, वैयाकरण, चित्रकार, गायक, इतकेंच काय पण गणिका आणि राजसेवक यांचीहि गणना केली आहे. ज्याचा जो विषय त्यानें त्याची पारख करावी, असा त्यांतला भाव. म्हणजे प्रयोग संपला कीं काम संपलें असें भरतमुनि मानीत नव्हते. इंग्लंडांत १८१४ सालीं एडमंड कीन नांवाचा त्या वेळेपर्यंत अप्रसिद्ध असलेला नट लंडनच्या ड्रूरी लेन नाट्यगृहांत शायलॉकच्या भूमिकेंत उभा राहिला. त्या प्रयोगास हॅझ्लिट हा टीकाकार हजर होता, आणि त्यानें वर्तमानपत्रांतून लिहिलेल्या लेखांनीं कीनची कीर्ति दृढ केली. आज कीनचा आवाज कोणीं ऐकलेला नाहीं. पण हॅझ्लिटचे लेख आहेत म्हणून तो आवाज कसा असेल याचा आपण तर्क तरी करूं शकतों. आपल्याकडेहि केशवराव भोळ्यांनीं 'एकलव्य' या टोपणनांवानें तत्कालीन गवयांवर जें निर्भीड लिहिलें, त्यामुळें त्या पिढीची गायकी शब्दांत का होईना शिल्लक राहिली. वामनराव देशपांड्यांची 'घरंदाज गायकी' १९६१ मध्यें निघाली, ती अशाच डोळस श्रवणाचें फळ होय. प्रयोगकला क्षणभंगुर असते. टीका हें तिचें स्मरण आहे. ज्या शहरांत टीका नाहीं, त्या शहरास कालच्या सायंकाळची आठवण नाहीं.

याच न्यायानें रंगमंदिराचा प्रश्न पाहावा. जंगली महाराज रस्त्यावरील बालगंधर्व रंगमंदिर १९६८ मध्यें उघडलें. ज्यांच्या नांवानें तें उभें राहिलें ते नारायणराव राजहंस त्याच्या आदल्याच वर्षीं निवर्तले होते. तें पाडून नवें संकुल उभारावें कीं आहे तेंच नीट राखावें, यावर २०१८ पासून मोठा वाद माजला. दोन्ही पक्षांचा आवेश पाहून समाधान वाटलें; कारण नाट्यगृहासाठीं भांडणारें गांव अजून निजलेलें नाहीं. परंतु त्या वादांत वाहनतळ, आसनसंख्या आणि दर्शनी भाग यांवर जेवढें बोललें गेलें, तेवढें तेथें काय व्हावें यावर बोललें गेलें नाहीं. सुमारें हजार आसनांच्या रंगमंदिरांत नव्या, प्रायोगिक नाटकाचा जीव गुदमरतो. त्यास शनिवार पेठेंतील सुदर्शन रंगमंचासारखी लहान, जवळची जागा मानवते. अशा लहान जागा पेठेपेठेंत चार असतील तर एका भव्य संकुलाहून त्यांचा रंगभूमीस उपयोग अधिक होईल. भिंती कितीहि सुंदर बांधल्या तरी तारखांच्या वहींत सत्कार आणि निरोपसमारंभच भरले असतील, तर त्या भिंतींस रंगमंदिर हें नांव शोभणार नाहीं.

आतां, आयोजक, नगरपालिका आणि वर्तमानपत्रें यांना दोष देऊन आपण मोकळें व्हावें, हें आम्हांस पसंत नाहीं. यादी जशी आहे तशी ती आमच्यामुळेंच आहे. आम्ही मध्येंच उठून जातों म्हणून गवई विलंबित आवरता घेतो. आम्ही अध्यक्षीय भाषणास टाळ्या देतों म्हणून भाषण लांबतें. एकाच सायंकाळीं तीन ठिकाणीं हजेरी लावण्यांत आम्हांस भूषण वाटतें, म्हणून तिन्ही ठिकाणीं आमचें चित्त नसतें. घरांतील मुलें हें पाहत असतात, आणि कला म्हणजे जाऊन येण्याची गोष्ट, ही समजूत त्यांच्या मनांत कायमची बसते.

तेव्हां येत्या हंगामासाठीं आमची सुशिक्षित कुटुंबांस साध्या तीन गोष्टींची शिफारस आहे. पहिली ही कीं, यादींतील दहा कार्यक्रमांवर खूण करण्याऐवजीं तिघांवर करावी, पण ते तिन्ही आरंभापासून अखेरपर्यंत, मुलांना बरोबर घेऊन, ऐकावे व पाहावे. दुसरी ही कीं, जाण्यापूर्वीं थोडी तयारी करावी. नाटक छापलेलें असेल तर तें घरांत मोठ्यानें वाचावें, गवयाच्या घराण्यांतील एखादी जुनी ध्वनिमुद्रिका ऐकावी. ज्या सोयी आमच्या वडिलांना स्वप्नांतहि मिळाल्या नसत्या, त्या आज खिशांतल्या यंत्रांत आहेत. त्यांचा उपयोग तयारीसाठीं होऊं द्यावा, कार्यक्रम चालूं असतां चित्रें टिपण्यासाठीं नव्हे. तिसरी, आणि आमच्या मतें सर्वांत महत्त्वाची, ही कीं दुसऱ्या दिवशीं जेवतांना त्याविषयीं बोलावें. काय आवडलें, काय खटकलें, आणि कां, हें घरांतील लहानांतल्या लहानानेंहि सांगावें, व त्याचें म्हणणें थोरांनीं खोडून न काढतां ऐकून घ्यावें. एखाद्यास लिहितां येत असेल तर त्यानें दहा ओळी लिहून ठेवाव्या. वर्तमानपत्रांत टीका यावयाची तेव्हां येईल. तोंवर ती घराघरांतून सुरू होण्यास कोणाची परवानगी लागत नाहीं.

पूना गायन समाज ज्यांनीं स्थापिला त्यांच्यापाशीं मोठें सभागृह नव्हतें, प्रायोजक नव्हते, ध्वनिक्षेपकहि नव्हता. त्यांच्यापाशीं होतें तें एवढेंच, कीं ऐकणें हें शिकावें लागतें आणि तें मिळून शिकावें, ही खात्री. कार्यक्रमांचा स्तंभ यंदाहि फुगणार, आणि तो फुगावा अशीच आमची इच्छा आहे. मात्र त्या स्तंभाखालीं घरोघर एक दुसरा, न छापलेला स्तंभ तयार होऊं लागला, तरच पुण्यास विद्येचें माहेरघर म्हणवून घेण्याचा अधिकार येत्या पिढींतहि टिकेल.